‘हे परीक्षेला येत नाही’

विद्यापीठांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची मंडळे हा विषय सहसा कोणी गंभीरपणे घेत नाही. एखादे भित्तिपत्रक, एखादी सहल, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाचे व्याख्यान, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन, एवढ्यात मंडळाचे वर्ष आटोपते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी अशाच एका मंडळाने एका देशातील गणिताचे शिक्षण बदलण्यास सुरुवात केली होती. त्या मंडळातील मुले विशीतली होती आणि मंडळ जेमतेम दोन वर्षे चालले. आजचा धागा त्या मंडळाविषयी आहे. तो लांबला आहे, कारण त्याचे दुसरे टोक महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सध्या चालू असलेल्या एका बदलापर्यंत येते.

मराठी वाचकाला ‘रँग्लर’ हा शब्द परका नाही. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी ही नावे जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात आजही येतात. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘ट्रायपॉस’ नावाच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि त्या सर्वांत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळवला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले, त्याच कॉलेजातील एक विद्यार्थी १८१३ साली सीनियर रँग्लर झाला होता. त्याचे नाव जॉन हर्शेल. परांजप्यांनी ज्या चिन्हांत कलनाची गणिते सोडवली, ती चिन्हे हर्शेलच्या विद्यार्थिदशेत केंब्रिजच्या परीक्षेत चालत नसत. ती चालू व्हावीत म्हणून हर्शेल आणि त्याच्या मित्रांनी जे मंडळ काढले, त्याचे नाव ‘ॲनालिटिकल सोसायटी’.

चिन्हांवरून एवढे काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

बदलाचा दर मोजणारे गणित, म्हणजे कलन, न्यूटन आणि लायब्निझ या दोघांनी स्वतंत्रपणे घडवले, हे आज सर्वमान्य आहे. त्या काळी तसे नव्हते. आधी कोणी शोधले आणि कोणी कोणाचे उचलले, यावरून कडाक्याचा वाद पेटला. लंडनच्या रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली आणि १७१२ साली तिचा निष्कर्ष न्यूटनच्या बाजूने लागला. त्या वेळी सोसायटीचे अध्यक्ष स्वतः न्यूटन होते, आणि समितीचा अहवालही मुख्यतः त्यांनीच लिहिला होता, हे नंतर उघडकीस आले. विज्ञानाच्या इतिहासातील ही काही फार भूषणावह घटना नव्हे. तिचा परिणाम मात्र दूरवर गेला. इंग्लंडने न्यूटनची लेखनपद्धती हा राष्ट्राभिमानाचा प्रश्न केला आणि युरोप खंडाने लायब्निझची पद्धती उचलली. न्यूटन ज्या विद्यापीठात शिकले आणि शिकवत होते, त्या केंब्रिजमध्ये तर ही निष्ठा धर्मश्रद्धेसारखी जपली गेली.

न्यूटनची पद्धती ठिपक्याची. राशीच्या डोक्यावर एक ठिपका दिला की तिचा बदलाचा दर झाला. दोन ठिपके दिले की त्या दराचाही दर. लायब्निझची पद्धती ‘डी’ या अक्षराची. अंशस्थानी एका राशीतला अतिसूक्ष्म बदल, छेदस्थानी दुसऱ्या राशीतला. खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीचे उदाहरण घेता येईल. गाडीची उंची कोणत्या दराने वाढते? मिनिटाला किती मीटर, की रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरला किती मीटर? हे दोन वेगळे दर आहेत. पहिला चालकाच्या वेगावर अवलंबून असतो, दुसरा घाटाच्या चढावर. डीच्या चिन्हात कशाच्या संदर्भात दर काढला आहे, हे छेदात लिहिलेलेच असते. ठिपक्यात ते लिहिलेले नसते. बदल काळानुसार होतो आहे, असे तिथे गृहीत असते. एकच राशी चार-पाच गोष्टींवर अवलंबून असेल, तर ठिपक्यांची पद्धत अपुरी पडू लागते. (ठिपका नाहीसा झालेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. यामिकीत काळानुसार होणारे बदल लिहिताना भौतिकीचे विद्यार्थी आजही तो वापरतात, आणि तिथे तो सोयीचाच आहे.)

चिन्ह सोयीचे असले की विचार पुढे धावतो. बर्नुली बंधू, ऑयलर, लाग्रांज या गणितींनी अठराव्या शतकात कलनाचा जो विस्तार केला, तो डीच्या भाषेत झाला. लाप्लासच्या खगोलीय यामिकीवरील महाग्रंथाचे खंड १७९९ पासून पॅरिसमध्ये प्रसिद्ध होऊ लागले. न्यूटनच्याच गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची ती सर्वांत भव्य इमारत होती, आणि न्यूटनच्या विद्यापीठातील बहुसंख्य पदवीधरांना ती वाचता येत नव्हती.

केंब्रिजमधील शिक्षकांना हे ठाऊकच नव्हते, असे नाही. कीज कॉलेजातील रॉबर्ट वुडहाउस यांनी १८०३ साली युरोपीय पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले होते. पुस्तक विद्वत्तापूर्ण होते. परंतु त्याने अध्यापन बदलले नाही, कारण परीक्षा बदलली नव्हती. त्या काळी केंब्रिजमध्ये सन्मानाची पदवी हवी असेल, तर गणिताच्या ट्रायपॉसमधूनच जावे लागे. क्रमांक जाहीर होत, आणि त्या क्रमांकावर पुढची फेलोशिप व धर्मखात्यातील जागा पुष्कळदा ठरत. विद्यार्थी परीक्षेत येणारे तेवढेच वाचत, खासगी शिकवण्या घेणारे तेवढेच शिकवत, आणि परीक्षक स्वतः ज्यात तयार झाले होते तेच विचारत. या वर्तुळाला बाहेरून धक्का देण्याचे सामर्थ्य एका ग्रंथात नव्हते.

१८१० साली चार्ल्स बॅबेज नावाचा तरुण ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. बाप श्रीमंत, मुलगा गणितात बुडालेला. युरोपीय कलनावर लाक्र्वा या फ्रेंच लेखकाचा मोठा ग्रंथ त्याला हवा होता. नेपोलियनशी युद्ध चालू असल्याने फ्रेंच पुस्तके इंग्लंडमध्ये दुर्मीळ झाली होती. किंमत दोन गिनी असेल अशी त्याची अटकळ होती. लंडनच्या दुकानात ती सात गिनी निघाली. त्याने ती मोजली, ग्रंथ केंब्रिजला नेला आणि वाचता वाचता अडलेली एक शंका घेऊन तो आपल्या शिक्षकाकडे गेला. बॅबेजने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात पुढचा प्रसंग आहे. शिक्षकाने सांगितले की सेनेट हाउसमधल्या परीक्षेत हा प्रश्न विचारला जाणार नाही, तेव्हा त्याला महत्त्व नाही; त्यापेक्षा मूलभूत भाग पक्का करावा. बॅबेजने दुसरी शंका दुसऱ्या शिक्षकाला विचारली, तिसरी तिसऱ्याला. अनुभव तोच आला. शेवटी त्याने विचारणे सोडले.

‘हे परीक्षेला येत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला भाषांतर करून सांगावे लागत नाही. वर्गातून ते वाक्य आले की जिज्ञासू मुलापुढे दोनच वाटा उरतात. एकट्याने वाचत राहायचे, किंवा आपल्यासारखे आणखी कोणी आहेत का, ते शोधायचे. विद्यार्थी मंडळाचा जन्म या दुसऱ्या वाटेवर होतो.

बॅबेजच्या मंडळाचा जन्म थट्टेतून झाला. १८१२ च्या सुमारास केंब्रिज शहर एका धार्मिक वादाने ढवळून निघाले होते. बायबलच्या प्रती वाटायच्या, हे ठरले होते. पण नुसते बायबल वाटावे की सोबत इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तकही द्यावे, यावरून भिंतीभिंतीवर जाहीर पत्रके झळकत होती. बॅबेजने त्यांपैकी एका पत्रकाचे विडंबन रचले. बायबलच्या जागी त्याने लाक्र्वाचा ग्रंथ घातला आणि डीचा प्रसार करणाऱ्या संस्थेची घोषणा केली; ग्रंथ इतका परिपूर्ण आहे की त्यावर भाष्याची गरजच नाही, अशी तिची भूमिका. एका मित्राने ते पत्रक एडवर्ड ब्रॉमहेड या विद्यार्थ्याला दाखवले, आणि ब्रॉमहेडला त्यात विनोदापेक्षा अधिक काही दिसले. मे १८१२ मध्ये मंडळ स्थापन झाले. जॉन हर्शेल अध्यक्ष झाला. जॉर्ज पीकॉक हा तिसरा महत्त्वाचा गडी. तिघांची वये वीस-एकवीस.

मंडळाचे कामकाज फार साधे होते. त्यांनी भाड्याने एक खोली घेतली. ती रोज उघडी असे. तिथे ते निबंध वाचत आणि त्यावर वाद घालत. सदस्यसंख्या कधीच मोठी नव्हती. विद्यापीठाचा आश्रय नव्हता, कोणी प्राध्यापक संरक्षक म्हणून नव्हता. वडीलधाऱ्या मंडळींनी यथेच्छ टिंगल केली. ही पोरे नास्तिक आहेत, अशी कुजबुजही झाली. बॅबेजनेही तिला खाद्य पुरवले. इंग्रजीत ‘डॉट’ म्हणजे ठिपका आणि ‘डॉटेज’ म्हणजे म्हातारचळ. ‘डी’वरून ‘डीइझम’, म्हणजे धर्मग्रंथाविना ईश्वर मानणारे मत. या दोन श्लेषांवर त्याने आपल्या मंडळाचे ध्येय बेतले. ज्या विद्यापीठात पदवीपूर्वी चर्चच्या धर्मतत्त्वांना संमती द्यावी लागे, तिथे हा विनोद बराच धाडसाचा होता.

१८१३ साली मंडळाने निबंधांचा एक खंड छापला. त्यातील मजकूर जवळजवळ सगळा बॅबेज आणि हर्शेल या दोघांचा होता. खंड अवघड होता, खपला नाही, आणि दुसरा कधी निघाला नाही. त्याच वर्षी हर्शेल सीनियर रँग्लर झाला, पीकॉक दुसरा आला. सदस्य पदव्या घेऊन पांगू लागले. १८१४ साली बॅबेजनेही केंब्रिज सोडले, तेही सन्मान परीक्षेला न बसता. मंडळ संपले.

आजच्या मोजमापाने हे मंडळ अपयशी ठरले असते. दोन वर्षांचे आयुष्य, मूठभर सदस्य, एक न खपलेला खंड. वार्षिक अहवालात दाखवायला काहीही नाही. परंतु त्या खोलीत जे जुळले होते, ते मंडळाबरोबर संपले नाही. १८१६ साली बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक यांनी लाक्र्वाच्या छोट्या पाठ्यपुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सात गिनींचा ग्रंथ ज्यांना परवडत नव्हता, त्या विद्यार्थ्यांच्या हातात आता डीची भाषा आली. १८१७ साली पीकॉक ट्रायपॉसचा परीक्षक नेमला गेला आणि त्याने आपल्या प्रश्नांत सरळ डीची चिन्हे वापरली. त्याच्या सहपरीक्षकाने त्याच वर्षी ठिपकेच वापरले. एकाच परीक्षेत दोन लिपी नांदल्या. १८१९ साली पीकॉक पुन्हा परीक्षक झाला. या वेळी सोबतचा रिचर्ड ग्वॉटकिन हाही जुन्या मंडळातलाच. ठिपक्यांची सद्दी तिथून संपत गेली. १८२० मध्ये त्रिकुटाने सोडवण्यासाठी उदाहरणांचे संग्रह काढले, कारण सरावाला उदाहरणे नसतील तर नवी पद्धत कोणी शिकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

इतिहासाला एका मंडळाची शौर्यगाथा करणे सोपे आहे, आणि ते टाळले पाहिजे. वुडहाउसने जमीन नांगरली होती. विल्यम ह्यूएलसारखे मंडळाबाहेरचे तरुण शिक्षकही पुढे या कामी आले. इंग्लंडमध्ये इतरत्रही काही जण फ्रेंच गणित वाचत होते. तरीही वुडहाउसच्या एकट्या ग्रंथाला जे साधले नाही, ते या पोरांना साधले, याचे कारण मंडळात शोधावे लागते. पीकॉक परीक्षक झाला तेव्हा तो एकटा नव्हता. आपण लिहिलेले चिन्ह कोण वाचेल, पाठ्यपुस्तक कोण पुरवेल, टीका झाली तर बाजूने कोण उभे राहील, हे त्याला पाच वर्षे आधीपासून माहीत होते.

आणि यात एक विसंगती आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जे ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून हे मंडळ निघाले, तेच परीक्षेत घुसवून ते जिंकले. परीक्षा हे केंब्रिजचे खरे सत्तास्थान आहे, हे त्या मुलांनी बरोबर ओळखले होते. परंतु क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाच-सात वर्षे परीक्षेशी काहीही संबंध नसलेले वाचन, वाद आणि लेखन. मग परीक्षेवर चढाई. त्यांच्या बैठकांनाच १८१२ साली गुण लावले असते, तर त्या बैठकांत ठिपके चर्चिले गेले असते.

विद्यार्थ्यांच्या खोलीत काय बोलले जाते, यावर बाहेरच्यांचा डोळा असला की काय होते, याचा दाखला एडिंबरा विद्यापीठात सापडतो. तिथे १८२३ पासून ‘प्लिनियन सोसायटी’ नावाचे निसर्गविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे मंडळ होते. विद्यापीठाच्या एका तळघरातील खोलीत ते जमत. २७ मार्च १८२७ रोजी अठरा वर्षांच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तिथे समुद्रकिनाऱ्यावर केलेली दोन छोटी निरीक्षणे मांडली. शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका सागरी जीवाची तथाकथित अंडी स्वतः हालचाल करतात. आणि शिंपल्यांत सापडणारे काळे कण वनस्पतीचे बीज नसून एका सागरी जळूची अंडी आहेत. त्या विद्यार्थ्याचे नाव चार्ल्स डार्विन. वैद्यकीच्या व्याख्यानांना तो कंटाळला होता. या तळघराला कंटाळल्याची नोंद नाही.

त्याच सायंकाळी विल्यम ब्राउन या दुसऱ्या विद्यार्थ्याने मन आणि जाणीव हे मेंदूचेच कार्य आहे, त्यासाठी वेगळा आत्मा मानण्याचे कारण नाही, अशा आशयाचा निबंध वाचला. खडाजंगी झाली. नंतर इतिवृत्तातील त्या निबंधाच्या नोंदीवर काट मारण्यात आली. ब्राउन पुढे मनोरुग्णालयांत माणुसकी आणणारा डॉक्टर म्हणून नावाजला गेला. इतिवृत्तात खोडण्यासारखे काही असणे, हे खरे तर त्या मंडळाच्या प्रकृतीचे चांगले लक्षण होते. आजच्या किती विज्ञान मंडळांच्या अहवालांत कोणाला खोडावेसे वाटेल असे एक तरी वाक्य असेल?

एक आक्षेप इथे येणारच, आणि तो वाजवी आहे. बॅबेज सधन घरातला. हर्शेल हा युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा. डार्विनचा बाप धनाढ्य डॉक्टर. केंब्रिजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता, चर्चबाहेरच्यांना पदवी नव्हती. सात गिनींचे पुस्तक घेऊन खोलीत वाद घालत बसणे हा फुरसतीचा आणि पैशाचा खेळ होता. बसने दोन तास प्रवास करून येणाऱ्या, संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींना तो कसा परवडावा?

या आक्षेपाचे उत्तर मुंबईत मिळते, आणि तिथे जाण्याचा रस्ता काहीसा त्या जुन्या मंडळातूनच जातो. ॲनालिटिकल सोसायटीचा एक सदस्य एडवर्ड रायन. तो आणि बॅबेज पुढे साडू झाले. रायन कायद्याकडे वळला, कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला, १८३३ मध्ये मुख्य न्यायाधीश झाला, आणि बंगालमधील सरकारी शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. त्यामुळे हिंदुस्थानात विद्यार्थी मंडळे निघाली, असे म्हणणे ओढूनताणून होईल. तथापि, महाविद्यालयीन तरुणांनी सभा भरवून निबंध वाचावेत, ही रीत त्या पिढीच्या इंग्रज शिक्षकांबरोबर इकडे आली, हे खरे.

मुंबईत १८४८ साली विद्यापीठ नव्हते. ते १८५७ मध्ये आले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन होती. तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी पॅटन या प्राध्यापकांच्या प्रोत्साहनाने जून १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. नावात साहित्य आणि विज्ञान दोन्ही. या मंडळींत दादाभाई नवरोजी होते. वडील लहानपणीच गेलेले, आईने कष्टाने वाढवलेला, फी नसलेल्या शाळेमुळे शिकू शकलेला हा तरुण पुढे त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. सात गिनींची चैन त्याच्यापाशी नव्हती.

या सोसायटीने लवकरच इंग्रजीबाहेर पाऊल टाकले. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. सभेत मराठीतून निबंध वाचले जात, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर यांनी याच सभेसाठी निबंध लिहिले. सृष्टिविज्ञान, यंत्रे, आरोग्य, इतिहास हे विषय मराठी गद्यात मांडायचे तर शब्द घडवावे लागत. ते काम या मंडळींनी कोणाच्या सांगण्यावाचून केले. मासिक १८६७ पर्यंत चालले. मराठीतून विज्ञान लिहिण्याच्या परंपरेचा शोध घेणाऱ्याला बाळशास्त्री जांभेकरांनंतर या पानांवर थांबावेच लागते.

त्याहून मोठी गोष्ट १८४९ ची. सोसायटीच्या सदस्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. पैसे नव्हते, शिक्षक नव्हते. सदस्य स्वतःच सकाळी आपल्या कामाआधी विनावेतन शिकवत. नाना शंकरशेट यांनी जागा दिली. घरोघर जाऊन पालकांना पटवावे लागे आणि शिव्याही खाव्या लागत. केंब्रिजच्या मंडळाने अभ्यासक्रमात नसलेले गणित आणले. मुंबईच्या मंडळाने शाळेतच नसलेल्या मुली आणल्या. दुसरे काम अधिक कठीण होते, आणि ते करणाऱ्यांकडे साधने कमी होती.

म्हणून फुरसतीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. वेळ आणि पैसा लागतो, यात शंका नाही, आणि आजच्या विद्यार्थ्याला तो कसा मिळेल हा प्रश्न संस्थांनी सोडवलाच पाहिजे. पण तो सोडवण्याचा जो मार्ग सध्या सर्वांत सोपा समजला जातो, तो घातक आहे.

तो मार्ग म्हणजे श्रेयांक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तीत सहअभ्यासक्रमाच्या उपक्रमांनाही श्रेयांक आहेत. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, कला यांत घालवलेल्या तासांची दखल घेतली जाणे योग्यच आहे. विज्ञान मंडळालाही ही सोय लावावी, हा विचार वरवर पाहता न्याय्य वाटतो: काम करणाऱ्या गरीब मुलाला वेळ देणे परवडेल, उपस्थिती वाढेल, प्राध्यापकांच्या श्रमांची नोंद होईल.

परंतु श्रेयांक आला की त्याच्या मागोमाग उद्दिष्टपत्रक येते, तासांची नोंद येते, मूल्यमापनाचे निकष येतात, आणि निकष ठरवतो तो शिक्षक. एखाद्या वर्गात ‘हे परीक्षेला येत नाही’ असे ऐकून बाहेर पडलेला विद्यार्थी ज्या खोलीत यायचा, त्या खोलीतही आता परीक्षा बसलेली असते. मग त्याने कुठे जावे? नॅकच्या मूल्यांकनाने हे थोड्या प्रमाणात घडवलेच आहे. उपक्रमाचा पुरावा हवा म्हणून फलकासहित छायाचित्र हवे, उपस्थितीपत्रक हवे. आणि पुराव्यात शोभून दिसणारा उपक्रम म्हणजे भाषण. चार मुले तीन महिने एकच अवघड पुस्तक वाचत बसली, तर त्याचे छायाचित्र काय काढणार? त्यामुळे भाषणे होतात आणि पुस्तक राहते. यात कोणा एका प्राचार्याचा किंवा समन्वयकाचा दोष नाही. मोजले जाते ते वाढते, आणि मंडळाचे खरे काम मोजण्याच्या बाहेर आहे.

विद्यार्थ्यांच्या वेळेचा प्रश्न दुसऱ्या रीतीने सुटू शकतो. पॅटन यांनी मुलांना उत्तेजन दिले आणि सभा त्यांच्या हाती राहू दिली. तेवढे आजच्या प्राध्यापकालाही शक्य आहे. वेळापत्रकात आठवड्यातून एक दुपार कोणत्याही तासाविना मोकळी ठेवता येते, म्हणजे शेवटच्या बसची घाई असलेल्यालाही थांबता येईल. एक खोली आणि तिची किल्ली विद्यार्थ्यांकडे देता येते. ग्रंथालयाचे संदर्भकक्ष आणि नियतकालिकांची ऑनलाइन वर्गणी पदवीच्या मुलांना खुली करता येते. आजच्या सात गिनी त्याच आहेत. चहापाण्याचा आणि झेरॉक्सचा छोटा निधी देता येतो, ज्याचा हिशेब मागावा, पण ‘निष्पत्ती’ मागू नये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील मंडळाने तिथल्या भूजलावर किंवा माळावरच्या गवतांवर मराठीत टिपणे काढली, तर ती छापून द्यावीत. १८५० मध्ये जे परवडले, ते आज परवडणार नाही असे नाही.

आणि मंडळ दोन वर्षांत बंद पडले, तर ते पडू द्यावे. नव्या मुलांना काढायचे असेल, तर ती दुसरे काढतील, बहुधा वेगळ्या नावाने आणि वेगळ्या भांडणावरून. श्रेयांकांच्या याद्या ठरवणाऱ्या अभ्यासमंडळांनी विज्ञानाच्या विद्यार्थी मंडळांना त्या यादीत न घालणे, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून अपेक्षित आहे. बाकीचे काम कोणी सोपवावे लागत नाही.